कोनं बांधलं हे?

शहानूर गावातून नरनाळ्याची वाट चढताना तिसरा दरवाजा येईपर्यंत डोळ्यांना काळ्या दगडाची सवय होऊन गेलेली असते. अकोट मागे टाकून सातपुड्याच्या ज्या सोंडेवर हा किल्ला बसला आहे, ती सगळी काळीच. पायाखाली काळा दगड, तटात काळा दगड, दरडीतून निसटून वाटेवर आलेला धोंडाही काळा. मग एक वळण येतं आणि महाकाली दरवाजा समोर उभा राहतो. माणूस थबकतोच, कारण हा दरवाजा फिका आहे. पांढरट वालुकाश्माचा. आषाढातल्या ढगाळ दुपारीही त्याच्या अंगातून उजेड येतोय असं वाटतं.

जवळ गेलो. कमानीच्या अंगाखांद्यावर कमळं कोरलेली. वर अरबी अक्षरांच्या पट्ट्या, इतक्या वळणदार की वाचता न येणाऱ्यालाही त्यांची लय कळते. दोन्ही बाजूंना बाहेर झुकलेले सज्जे आणि सज्ज्यांना दगडी जाळ्या. एका जाळीच्या भोकात मी बोट घातलं. आतली कड बाहेरच्या कडेइतकीच सरळ, तासलेल्या लाकडासारखी. अशी जाळी कशी होते याचा विचार करा. एक सबंध फरशी घ्यायची, तिच्यावर नक्षी आखायची आणि नको असलेला दगड भोकाभोकानं काढत जायचा. पहिली भोकं पाडताना फरशी मजबूत असते. काम जसजसं पुढं सरकतं तसतशी ती नाजूक होत जाते, म्हणजे शेवटचा घाव सगळ्यात धोक्याचा. तिथं हात चुकला तर महिन्याभराचं काम दोन तुकड्यांत पायाशी. इथं तो हात चुकला नाही.

दरवाजाच्या सावलीत एक म्हातारे गुराखी बसले होते. त्यांना विचारलं, "बाबा, कोणी बांधलं असंल हे?"

"कोन्त्या तरी बादशानं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन आमची माय म्हने, एका रातीत झालं. मानसाचं काम न्हाय हे."

वऱ्हाडात कुठंही जा, जुन्या बांधकामापुढं हा प्रश्न विचारला की ही दोनच उत्तरं मिळतात: राजानं बांधलं, नाहीतर देवानं. पहिल्या उत्तराला पुरावाही आहे. महाकाली दरवाजावरचा लेख स्पष्ट सांगतो की बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळात फतेहउल्ला इमादुल्मुल्क यानं तो उभारला, साल १४८७. हा फतेहउल्ला वऱ्हाडचा सुभेदार. पुढं तीनच वर्षांत तो स्वतंत्र झाला आणि अचलपुरातून इमादशाहीचा कारभार सुरू झाला. पण लेखात नाव आहे ते हुकूम देणाऱ्याचं. काळ्या मुलखात पांढरा दगड वापरायचा हे ज्याच्या डोक्यात आलं, त्याचं नाव कुठंही नाही.

आणि ती निवड साधी नव्हे. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. कण बारीक, घट्ट, एकमेकांत गुंतलेले. भार सोसायला त्याच्यासारखा दगड नाही, म्हणून तटबुरुजांना तोच हवा. पण बारीक नक्षीला तो हट्टी. कडा धरायला गेलं की ढलपी उडते. वालुकाश्म हा वाळूच्या कणांचा बांधलेला दगड. खाणीतून ताजा काढला की अंगात ओल असते, टाकीला मऊ लागतो, आणि उघड्यावर राहून वरचा थर टणक होत जातो. म्हणजे ज्यानं हा दरवाजा आखला त्याला दोन्ही दगडांचे स्वभाव ठाऊक होते. तट काळ्याचा ठेवला आणि जिथं पाहुण्यानं थांबून वर बघायचं, तिथं पांढरा आणला. असा माणूस आपल्या मुलखात होऊन गेला आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नाही, याची मला त्या दिवशी फार हुरहूर लागली.

जगात सगळीकडे असं झालेलं नाही. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे, नकाशावर पाहिला तर वऱ्हाडाएवढाही भरणार नाही. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं तेराव्या शतकाच्या अखेरीस तो जिंकून तिथं कॉनवी, कार्नार्व्हन, हार्लेक, बोमारिस असे एकाहून एक जबरदस्त किल्ले उठवले. त्या किल्ल्यांच्या मुख्य कारागिराचं नाव आजही माहीत आहे: सेंट जॉर्जचा जेम्स, आल्प्सकडच्या सॅव्हॉय मुलखातून आलेला. रोज तीन शिलिंग ही त्याची मजुरी राजाच्या वहीत नोंदलेली आहे. बोमारिसच्या कामावरून फेब्रुवारी १२९६मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं राजाच्या खजिन्याला पाठवलेलं पत्रही टिकून आहे. कामावर ४०० गवंडी, २००० मजूर, २०० खाणवाले, ३० लोहार आहेत, त्यांची मजुरी थकली आहे, पैसे धाडा, असा त्याचा आशय. मजुरी थकली नसती तर एवढा तपशील कशाला कोणी लिहिला असता! बोमारिस शेवटी अर्धवटच राहिलं. वहीतली नोंद तेवढी पुरी झाली.

ते पत्र लिहिलं जात होतं त्याच सुमाराला, १२९६च्या त्याच वसंतात, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर येऊन धडकला होता. रामदेवराय यादवाला तह करावा लागला आणि त्या तहात जी वसुली लिहून दिली ती आपल्या अचलपूर प्रांताची. यादवांच्या दरबारातही वह्या होत्या. त्या वह्यांचा प्रमुख, श्रीकरणाधिप, म्हणजे हेमाद्री पंडित. आपला हेमाडपंत.

हेमाडपंताइतकं श्रेय महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाच्या खात्यावर जमा झालं नसेल. मोडी लिपी त्यानं आणली म्हणतात, बाजरी त्यानं आणली म्हणतात, आणि चुन्यावाचून बांधलेलं दगडी देऊळ दिसलं की ते हेमाडपंती. हा माणूस मोठाच होता. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा व्रतं, दानं, श्राद्धं यांवरचा ग्रंथ अफाट आहे. पण अकोल्याहून वीसेक किलोमीटरवरच्या बार्शीटाकळीला एकदा जाऊन या. गावात एक जुनं देवीचं देऊळ आहे. सगळे त्याला हेमाडपंतीच म्हणतात. तिथल्या शिलालेखातला काल आहे शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६. हेमाडपंत ज्या महादेव यादवाच्या पदरी होता, तो गादीवर आला १२६१च्या सुमाराला. देऊळ उभं राहिलं तेव्हा हेमाडपंताचा जन्मही झालेला नव्हता!

मग ते ज्यांचं काम, ते कोण? पुन्हा नाव नाही. पण त्यांची विद्या भिंतीत जशीच्या तशी आहे. गाभाऱ्याची बाहेरची भिंत सरळ जात नाही. ती कोनाकोनानं बाहेर येते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. दख्खनच्या अशा देवळांचा आराखडा दोरी आणि खुंटीनं जमिनीवरच निघतो. मध्ये एक खुंटी ठोकायची, तिच्याभोवती एक चौरस आखायचा, मग तोच चौरस जागच्या जागी थोडा फिरवून पुन्हा आखायचा, पुन्हा फिरवायचा. सगळ्या चौरसांचे कोपरे मिळून चांदणी तयार होते. रांगोळी काढणाऱ्या कुठल्याही बाईला हे दाखवलं तर ती लगेच मान डोलवेल. फरक इतकाच की इथं रांगोळीवर शेकडो खंडी दगड चढवायचा असतो, आणि पायातली बोटभर चूक वर जाता जाता हातभर होते.

छताची करामत तर मुलांना काडेपेट्यांनी करून दाखवावी अशी. कमान ठाऊक असो नसो, हे लोक कमान वापरत नसत. चार खांबांवर चार तुळया ठेवल्या की वर चौकोनी भोक उरतं. ते झाकायला एवढी मोठी फरशी कुठून आणायची? आणली तरी मधोमध तडकायची, कारण दगड दाब सोसतो, वाकणं सोसत नाही. म्हणून त्यांनी चारी कोपऱ्यांवर तिरप्या फरश्या टाकल्या. मध्ये उरला आधीपेक्षा लहान चौकोन, पण फिरलेला. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरप्या फरश्या, पुन्हा लहान चौकोन. दोन-तीन फेऱ्यांत भोक एवढंसं होतं की एका फरशीनं झाकावं, आणि ती शेवटची फरशी म्हणजे कमळ कोरायची जागा. सगळा भार उभा खाली उतरतो. चुना नाही, गारा नाही. दगडावर दगड, आणि दगडाच्या वजनानंच बांधलेला दगड. साडेआठशे पावसाळे त्या छतावरून वाहून गेले.

आता पुन्हा फतेहउल्लाकडे, कारण त्याची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते. इतिहासकार फिरिश्तानं लिहून ठेवलं आहे की हा मूळचा विजयनगरचा, कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत बहमनी फौजेनं पोरवयात पकडून नेला, मुसलमान केला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या घरी तो वाढला. पुढं कर्तबगारीनं चढत चढत स्वतःच सुभेदार झाला. बहमनी सुलतान अहमदशहा वलीनं १४२५च्या सुमाराला बांधलेला गाविलगड त्यानं १४८८मध्ये पुन्हा मजबूत केला, नरनाळ्याच्या दरवाजानंतर एका वर्षानं. चिखलदऱ्याला गेलेले बहुतेक लोक गाविलगडाचा एखादा दरवाजा बघून, फोटो काढून परततात. दिल्ली दरवाजाशी थोडं थांबायला हवं. वर दगडात सिंह आहेत, फळांनी लगडलेलं खजुरीचं झाड आहे, आणि गंडभेरुंड आहे: दोन डोक्यांचा पक्षी, चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेला.

गंडभेरुंड कानडी मुलखाचा. विजयनगरच्या नाण्यांवर तो आहे, म्हैसूरच्या राजांनी तो मिरवला, आज कर्नाटकाच्या राज्यचिन्हावरही आहे. सातपुड्याच्या माथ्यावर, वाघ-अस्वलांच्या आणि कोरकूंच्या मेळघाटात, एका सुलतानाच्या सुभेदाराच्या दरवाजावर तो आला कसा? लहानपणी घरादारातून ओढून नेलेल्या माणसानं साठ-पासष्ट वर्षांनी, पिकल्या केसांनी, आपल्या किल्ल्याच्या दारावर आपल्या जन्मगावचा पक्षी बसवला असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत. मला ते पटतं. बाकी काही राखता आलं नाही, धर्म बदलला, नाव बदललं, भाषा बदलली. हा पक्षी राहिला.

पण हुकूम त्याचा असला तरी तो पक्षी घडवला दुसऱ्याच कोणीतरी. कसा सांगितला असेल तो त्या पाथरवटाला? "दोन डोकी, एक धड. हत्ती असा, उंदरासारखा लहान." कोळशानं भिंतीवर काढून दाखवला असेल का? की कारागीरच दक्षिणेतून आलेला होता, आणि दोघांनी एकमेकांकडे बघून नुसतं हसून घेतलं असेल? इथं मला कल्पनेवर भागवावं लागतं. दगडात मात्र आखणी आणि हात दोन्ही जुळलेले आहेत.

गाविलगडावर पुढच्या पिढ्यांनीही भर घातली. अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल आला तेव्हा बहराम खानानं १५७७मध्ये बांधलेला बुरूज त्याच्याच नावानं ओळखला जातो. किल्ल्याच्या चारी बाजूंना कडे, फक्त उत्तरेकडून डोंगराची धार जोडलेली. बांधणाऱ्यांनी नेमकं तिथंच तटामागं तट घातला. डिसेंबर १८०३मध्ये इंग्रजांच्या तोफा जंगलातून ओढत आणून त्याच बाजूला लावल्या गेल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, पण आतला तट अभंग होता. १५ डिसेंबरला तो शिड्या लावून चढूनच घ्यावा लागला. किल्ला पडला. आतला तट मात्र तोफेनं पडलेला नव्हता.

डोंगरातून खाली उतरून काळ्या मातीत आलं की बांधणाऱ्यांपुढचे प्रश्नच बदलतात. इथं कडे नाहीत, उंची नाही, आणि माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. बाळापूरला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमाजवळ उंचवट्यावर जो किल्ला आहे तो औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याच्या वेळी सुरू झाला असं सांगतात. पुरा केला अचलपूरच्या नवाब इस्माईल खानानं, १७५७मध्ये. त्याचा आराखडा वरून पाहायला मिळाला तर भूमितीचं पुस्तक उघडल्यासारखं वाटेल. बाहेरचा कोट दहा कोनांचा, आतला पाच कोनांचा, आणि कोनाकोनावर बुरूज. कारण साधं आहे. सरळ भिंतीच्या पायाशी शत्रू चिकटला की वरच्याला तो दिसत नाही. बुरूज बाहेर काढला की त्यावरचा माणूस शेजारच्या भिंतीचा पाय पाहू शकतो. पाच कोनांत पाच बुरूज, प्रत्येकानं दोन्हीकडच्या भिंती राखायच्या. डोळा चुकवायला जागा उरत नाही. भिंती पक्क्या विटांच्या, आणि त्या विटा इतक्या उत्तम भाजलेल्या की आजही कडा धरून आहेत. पावसाळ्यात नद्या फुगल्या की एक बाजू सोडून किल्ल्याला पाण्याचा वेढा पडायचा. खंदक खणायचं काम नद्यांवर सोपवलेलं.

याच्या आदल्याच वर्षी, १७५६मध्ये, वेल्समध्ये विल्यम एडवर्ड्स नावाचा गवंडी एका नदीशी झगडत होता. पाँटिप्रिड गावी त्यानं पूल बांधून दिला होता, तो पुरानं नेला. पुन्हा एकाच कमानीचा बांधला, तर दोन्ही खांद्यांवरच्या दगडाच्या भारानं कमानीचा मधला माथा वर उचलला जाऊन तो कोसळला. शेवटी त्यानं दोन्ही खांद्यांत तीन-तीन गोल भोकं ठेवली, भार हलका झाला, आणि १४० फुटांची ती कमान आजही उभी आहे. एडवर्ड्सची प्रत्येक चूक लिहिलेली आहे, म्हणून त्याचं शहाणपण कळतं. बाळापूरच्या गवंड्यांनी काळ्या मातीत पाया किती खोल नेला, किती भिंती खचल्या, चुन्याच्या घाणीला किती बैल झिजले, हे कोणी लिहिलं नाही. म्हणून किल्ला आपल्याला आयता तयार झाल्यासारखा भासतो.

बाळापुरात नदीकाठी आणखी एक चीज आहे, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पुरंदरच्या तहामुळं मराठी माणसाला हे नाव चांगलंच माहीत. पंचवीस फूट चौरस, तेहतीस फूट उंच, काळ्या दगडाची, चारी बाजूंनी मोकळी. नदीवरचा वारा अंगावर घेत तिथं बसलं की राजपुतान्याची चाल वऱ्हाडच्या दगडानं कशी उचलली ते दिसतं.

अचलपूरजवळचा हौज कटोराही असाच मनात घर करतो. मोठा गोल हौज, आता कोरडा, आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, तीन मजली, कमानींनी पोखरलेला. हौज भरलेला असताना पाण्यावरून येणारा गारवा त्या कमानींतून आरपार जात असणार. वऱ्हाडचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला या आखणीची किंमत सांगावी लागत नाही. वर आणखी दोन मजले होते, ते एका नवाबानं आपल्या महालाच्या दगडासाठी उतरवून नेले अशी आठवण सांगतात.

अकोल्याच्या असदगडावर नक्षीची रेघ नाही. औरंगजेबाच्या काळातलं ते रोखठोक काम. त्याच्या अगरवेशीवर मात्र मराठीत लेख होता: हा किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३मध्ये बांधला. बाकीचे सगळे लेख ज्याच्या नावानं हा गड आहे त्या असदखानाच्या काळाचे. कदाचित डागडुजीचा अभिमान असेल. वेस पडली तेव्हा ती उभी करणाऱ्यालाही आपलं नाव दगडात हवंच होतं, एवढं त्यातून कळतं.

आणि अमरावतीचा परकोट. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात, ते सोनं म्हणजे कापूस आणि कापसाचे व्यापारी. पेंढाऱ्यांपासून त्यांना राखायला निजामाच्या सरकारनं १८०७च्या सुमाराला शहराभोवती ही भिंत घालायला घेतली. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे, चार खिडक्या. अंबा गेट, जवाहर गेट, नागपुरी गेट ही नावं आम्ही रिक्षावाल्याला रोज सांगतो.

या परकोटाच्या आतल्या गल्लीत माझं लहानपण गेलं. उन्हाळ्यात, मसाले-तिखटाच्या दिवसांत, सकाळी टाकी लावणाऱ्या बाईची हाळी यायची: "टाकीऽऽ, पाटा-वरवंट्याला टाकीऽऽ!" डोक्यावर फाटकी चुंबळ, खांद्याला झोळी, झोळीत हातोडी आणि दोन-तीन टाक्या. आजी पाटा अंगणात ओढून द्यायची. ती बाई त्याच्यासमोर फतकल मारून बसायची आणि सुरू करायची. टक टक टक, एका लयीत, ओळीमागून ओळ. मी जवळ वाकलो की म्हणायची, "डोळे सांभाळ रे बापू, कपची उडंल." गुळगुळीत झालेल्या काळ्या दगडावर ठिपक्यांच्या तिरप्या रांगा उमटत जायच्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, पट्टी न लावता. कडेला आली की हात हलका व्हायचा, कारण काळ्या पाषाणाची कड ढलपी सोडते.

परवा गाविलगडाच्या तटातल्या एका दगडावर ऊन तिरपं पडलं होतं. अंगावर तशाच ठिपक्यांच्या रांगा, तशाच तिरप्या, कडेजवळ तशाच हलक्या झालेल्या. मी तळहात ठेवून पाहिला. पाट्यासारखाच खरखरीत लागला.